हस्तघ्न : धनुर्धराच्या हातावरचे कातडे

आपल्या महाकाव्यांनी आणि पुराणांनी धनुष्यांना नावे दिली आहेत. शिवाचे पिनाक, विष्णूचे शार्ङ्ग, अर्जुनाचे गांडीव. शंखांना नावे आहेत, रथाच्या घोड्यांनाही आहेत. धनुष्य धरणाऱ्या हातावर, मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत बांधल्या जाणाऱ्या कातड्याच्या तुकड्याला मात्र असे विशेषनाम मिळालेले दिसत नाही. तरीही त्याच्यावाचून धनुर्विद्येचा रोजचा सराव अवघड होता. या तुकड्याचा इतिहास शोधू लागले की वीरकथेत सहसा न येणारी एक बाजू पुढे येते. ती म्हणजे सरावाची आणि कारागिराची.

आधी त्याचे काम समजून घेऊ. उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या डाव्या हातात धनुष्य असते. बाण सुटला की प्रत्यंचा वेगाने पुढे येते आणि थरथरते. कोपर आत वळलेले असेल, प्रत्यंचा धनुष्याच्या दांड्याच्या फार जवळ असेल किंवा बाही फुगीर असेल, तर तिचा फटका हाताच्या आतल्या बाजूला बसतो. त्याने कातडी सोलवटते, काळीनिळी पडते. त्याहून मोठे नुकसान नेमाचे होते. एकदा फटका खाल्लेला हात पुढच्या वेळी बाण सोडण्याआधीच आकसतो आणि बाण भलतीकडे जातो. म्हणजे हे कातडे हाताइतकेच नेमालाही जपते.

भारतीय वाङ्मयातील त्याचा प्राचीन उल्लेख ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातल्या ७५व्या सूक्तात आहे. हे सूक्त युद्धसामग्रीचे आहे. कवच, धनुष्य, प्रत्यंचा, भाता, बाण यांची त्यात एकेक करून स्तुती येते आणि त्यांच्या पंक्तीत 'हस्तघ्न' येतो. सर्पाने वेटोळे घालावे तसा तो बाहूला वेढतो आणि प्रत्यंचेचा आघात परतवतो, असा त्या ऋचेचा आशय आहे. पुढे यास्कानेही निरुक्तात या शब्दाची दखल घेतली. सर्पाच्या उपमेवरून असे वाटते की कवीच्या डोळ्यांपुढे सपाट पट्टी नसावी, हाताभोवती गुंडाळलेले लांब कातडे असावे.

अमरकोशाच्या क्षत्रियवर्गात याच वस्तूसाठी 'गोधा' आणि 'तल' असे दोन शब्द दिले आहेत. गोधा म्हणजे घोरपड. 'हस्तघ्न' हे नाव कामावरून पडले होते, 'गोधा' हे मालावरून. घोरपडीचे कातडे चिवट असते आणि तरी हाताभोवती वळते, हे कोणा तरी कारागिराने अनुभवाने ओळखलेले असणार. महाभारतात योद्ध्यांच्या वर्णनात 'बद्धगोधांगुलित्राण' हे विशेषण येते. एका हाताला गोधा आणि ओढणाऱ्या हाताच्या बोटांना अंगुलित्राण बांधलेला, असा त्याचा अर्थ. एका लांब समासात कातड्याच्या दोन्ही वस्तू बसल्या आहेत.

इथे एक प्रश्न उभा राहतो. गोधा बांधणाऱ्या वीरांच्या हातांवर प्रत्यंचेचे घट्टे कसे? विराटपर्वात अज्ञातवासाची तयारी करताना अर्जुनापुढची अडचण नेमकी हीच आहे. प्रत्यंचेच्या आघाताचे मोठे व्रण झाकणे कठीण, म्हणून तो बाहूंवर वलये चढवून बृहन्नडेचे रूप घेण्याचे ठरवतो. व्रण दोन्ही बाहूंवर आहेत, कारण तो सव्यसाची, दोन्ही हातांनी बाण सोडणारा. युद्धात गोधा बांधायची तो भाग आता नर्तनशिक्षकाच्या आभूषणांनी झाकला जातो. कालिदासाच्या शाकुंतलातही पहिल्या अंकात राजाच्या बाहूवरचा मौर्वीचा घट्टा हा प्रजेच्या रक्षणाचा पुरावा म्हणून येतो.

माझ्या मते यात विसंगती नाही. गोधेने प्रत्येक फटका अडवता येत नाही. लहानपणापासून केलेल्या सरावाचे व्रण तिच्या आड आणि तिच्या कडेबाहेर उरतातच. पण कवींची निवड बोलकी आहे. घट्टा वीराच्या अंगावर उमटतो, म्हणून त्याची कीर्ती झाली. फटका अडवणारी वस्तू दुसऱ्याने बनवलेली असते, म्हणून तिचा उल्लेख विशेषणापुरता राहिला. जखमेचे श्रेय योद्ध्याला मिळाले. न झालेल्या जखमांचे श्रेय कोणालाच मिळाले नाही.

कातडे कुजते. त्यामुळे आपल्याकडचा हा पुरावा मुख्यतः शब्दांचा आहे. वस्तूच पाहायची असेल तर ती मातीने, पाण्याने किंवा कोठारांनी जपली तिथे जावे लागते. इंग्लंडमध्ये स्टोनहेंजजवळच्या एम्सबरी येथे २००२ साली इ.स.पूर्व सुमारे २३००मधल्या एका धनुर्धराचे दफन सापडले. त्याच्याबरोबर भोके पाडलेल्या दोन दगडी मनगटपट्ट्या होत्या, एक काळी आणि एक तांबडी. त्या काळच्या अनेक दफनांत अशी पट्टी हाताच्या बाहेरच्या बाजूला आढळते आणि काही पट्ट्यांना सोन्याचे खिळेही आहेत. प्रत्यंचा तर आतल्या बाजूला लागते. म्हणून अनेक अभ्यासक या पट्ट्यांना मानाची खूण समजतात. खरे काम करणारे कातडे तिच्याखाली असलेच, तर ते मातीत विरून गेले.

जपानमध्ये नारा येथील शोसोइन या कोठारात आठव्या शतकातले 'तोमो' जपलेले आहेत. हे डाव्या मनगटावर बांधायचे कातड्याचे फुगीर साधन. ओजिन या सम्राटाच्या बाहूवर जन्मतःच तोमोच्या आकाराचा मांसल उंचवटा होता आणि त्यावरून त्याचे नाव पडले, अशी कथा 'निहोन शोकी' या जुन्या इतिहासग्रंथात आहे. आपल्याकडे घट्ट्याला मिळालेला मान तिथे साधनालाच मिळाला.

सर्वांत बोलका साठा समुद्राखाली होता. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी बुडाले आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी वर काढले गेले. त्यात दीडशेहून अधिक लांब धनुष्ये, हजारो बाण आणि वीसहून अधिक मनगटपट्टे मिळाले, बहुतेक कातड्याचे. ही धनुष्ये ओढायला १००हून अधिक पौंडांचे बळ लागे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एका पट्ट्यावर राजचिन्हाबरोबर गुलाब आणि डाळिंब ठसवलेले आहे. डाळिंब ही हेन्रीची पहिली राणी कॅथरीन हिची खूण. तो विवाह १५३३ सालीच रद्द ठरला होता. म्हणजे तो पट्टा तरी निदान बारा वर्षे वापरातला होता किंवा ठसा तरी जुना होता. दरबारात राणी बदलली, धनुर्धराने पट्टा बदलला नाही.

योगायोग असा की त्याच १५४५ साली रॉजर अॅस्कम याचा 'टॉक्सोफिलस' हा धनुर्विद्येवरचा ग्रंथ छापला गेला. मनगटपट्ट्याला खिळे नसावेत, बकल नसावे, बांधायच्या दोरीच्या टोकांना धातूची टोपणे नसावीत, असे तो बजावतो. खिळा नकळत प्रत्यंचा कापतो आणि धनुष्य धोक्यात येते. हा नियम ध्यानात ठेवून त्या सोनेरी खिळ्यांच्या दगडी पट्ट्या पाहिल्या की त्या प्रत्यंचेसाठी नव्हत्या, हे मत अधिकच पटते. अॅस्कम पुढे असेही सांगतो की प्रत्यंचा हाताला लागणारच नाही इतका बाक धनुष्याला द्यावा हे उत्तम, आणि पट्टा न वापरणारे चांगले धनुर्धर त्याला ठाऊक होते.

असा पट्टा आज हाताने करायचा तर काय लागते? हात मनगटाशी बारीक आणि कोपराकडे जाड, म्हणून साचा चौकोनी चालत नाही, वर रुंद आणि खाली निमुळता लागतो. माप घ्यायचे ते धनुष्य ताणल्यासारखे स्नायू आवळून, नाहीतर पट्टा ऐन वेळी काचतो. कातड्याची गुळगुळीत बाजू वर हवी, म्हणजे प्रत्यंचा घसरून जाते. कडा रापीने तासून पातळ करायच्या, कारण उभ्या कडेला प्रत्यंचा अडकते. आरीने पाडलेली भोके आणि वादीची गाठ हाताच्या बाहेरच्या बाजूला ठेवायची. शेवटी कातडे ओले करून त्याच हातावर बसवायचे आणि सुकू द्यायचे. मग तो पट्टा दुसऱ्याच्या हाताला नीट बसत नाही.

त्यासाठी सर्वांत योग्य कातडे झाडांच्या सालीफळांनी कमावलेले. ओले असता ते आकार घेते आणि सुकल्यावर धरून ठेवते. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कातडे कमावण्याची ही विद्या महाराष्ट्रात ढोर समाजाने आणि त्यापासून वस्तू घडवण्याची चांभार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन त्याच विद्येचे आहे. घोरपडीचे कातडे मात्र आता वापरता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड संरक्षित आहे.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे वैयक्तिक विश्वविजेते ठरले. आजच्या खेळाडूंचे आर्मगार्ड बहुधा प्लॅस्टिकचे, तयार मापाचे असतात. पारंपरिक धनुष्य वापरणारे हौशी मात्र अजून कातड्याचा पट्टा मापाने शिवून घेतात. त्यासाठी लागणारे कसब आपल्याकडे नव्याने आणावे लागणार नाही. रापी, आरी आणि कमावलेले कातडे घेऊन बसलेल्या कारागिराकडे ते आहे. त्याच्या पूर्वसुरींचे नाव ना ऋचेत आले, ना महाकाव्यात. पट्ट्याचा इतिहास लिहिताना आता ते स्थान त्याला द्यायला हवे.