धाकट्या भावाचे राज्य

भावाभावांच्या वाटणीत चुलीबरोबर मनेही वेगळी होतात, हे खेड्यापाड्यांत शिकवणाऱ्या मास्तराला कोणी सांगावे लागत नाही. पोरांच्या तोंडावरून ते कळते. पण वाटणी दोन एकर रानाची नसून राज्याची असली, तर काय होते?

दक्षिण इटलीतला नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार १०८५ साली वारला. थोरला मुलगा बोहेमंड. पण गादी मिळाली सावत्र धाकट्या भावाला. बोहेमंड भावाशी झगडला, थोडा मुलूख मिळवून बसला आणि पुढे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या लाटेत पूर्वेकडे गेला. १०९८ साली अँटिओक जिंकून तो तिथला अधिपती होऊन बसला. घरचे राज्य नाही, म्हणून परक्याचे!

त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? आमच्या देगलूरजवळ होट्टलला सिद्धेश्वराचे चालुक्य शैलीतले देखणे मंदिर आहे. त्या चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण. तिथल्या आहवमल्ल सोमेश्वराने असाध्य आजाराला कंटाळून १०६८ साली तुंगभद्रेत देह ठेवला. गादीवर थोरला सोमेश्वर बसला. धाकटा विक्रमादित्य पराक्रमी आणि महत्त्वाकांक्षी. त्याला बोहेमंडासारखे समुद्रापार जावे लागले नाही. १०७६ साली त्याने थोरल्या भावाला लढाईत हरवले, बंदीत टाकले आणि पुढे पन्नास वर्षे राज्य केले.

त्याच्या पदरी काश्मीरचा बिल्हण कवी होता. ‘विक्रमाङ्कदेवचरित’ काव्यात तो सांगतो, की बाप युवराजपद देत असता विक्रमाने थोरल्याचा मान राखून ते नाकारले. भावाशी लढला तो शंकराच्या आज्ञेने. त्याला सोडून द्यायचेही मनात होते, पण देवानेच मना केले! कैदेतल्या सोमेश्वराला मात्र कवी मिळाला नाही. जिंकणाऱ्याची बाजू आठशे वर्षे पोथीत टिकली. जैसलमेरच्या जैन भांडारात ती ब्यूलर या पंडिताला सापडली आणि १८७५ साली छापली गेली.

विक्रमादित्याने शककाल बाजूस सारून आपल्या नावाचा संवत चालू केला. चालुक्यांबरोबर तोही मावळला. आज घराघरांत पंचांग आहे ते शकाचेच.

पण त्याच कल्याणीत विज्ञानेश्वर नावाचा एक पंडित याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहीत होता. तिचे नाव ‘मिताक्षरा’. वडिलार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क, हे तिचे सूत्र. थोरल्याला जादा वाटा देण्याचे वचन जुन्या शास्त्रात होते. विज्ञानेश्वर म्हणतो, शास्त्रात असले तरी लोकांना जे नकोसे झाले ते आचरू नये. भावांनी सारखे वाटून घ्यावे.

ज्या राजाने भावाची गादी घेतली, त्याच्याच नगरीत भावांच्या सारख्या वाट्याचा कायदा लिहिला गेला! तलवारीने मिळवलेले राज्य गेले. मिताक्षरा मात्र इंग्रजांच्या न्यायालयांनी उचलली. १९५६ चा हिंदू वारसा कायदा झाला, त्यातही तिचे एकत्र कुटुंब राहिले, आणि २००५ साली त्यात मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला.

दिवाळीला भाऊबीज ओवाळून घेताना भावांनी एवढे लक्षात ठेवावे. ताटात ओवाळणी टाकणे सोपे आहे; बहिणीच्या वाट्याचे नाव सातबाऱ्यावर चढवणे अवघड. आणि तिथे शंकराची आज्ञा पुढे करता येत नाही.