दप्तरातील मोकळा भूखंड

सरकारी दप्तरात काही शब्द वरवर निरुपद्रवी दिसतात आणि पुष्कळ नासाडी करतात. ‘मोकळा भूखंड’ हा त्यांपैकी एक. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन आणि ब्राँक्स या भागांतील कितीतरी जागा वर्षानुवर्षे या नावाखाली पडून होत्या. प्रत्यक्षात त्यांतील अनेक जागांवर कृष्णवर्णीय स्त्रिया भाजीपाला पिकवीत होत्या.

या जागा मोकळ्या झाल्या कशा, हे आधी सांगावयास हवे. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिणेकडील राज्ये सोडून अमेरिकेच्या इतर भागांतील शहरांत आले. त्यांच्या वस्त्या १९३०नंतरच्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने नकाशावर तांबड्या रंगविल्या. कर्ज देण्यास धोक्याच्या म्हणून! कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, आणि डागडुजी नाही म्हणून घराला किंमत नाही. १९७०च्या सुमारास मालकांनी घरे टाकून दिली. कित्येक जळाली, कित्येक पाडली गेली आणि कर थकलेली जमीन शहराच्या ताब्यात आली. वस्तीच्या वाट्याला राडारोडा तेवढा उरला.

ब्रुकलिनमधील बेडफर्ड-स्टायव्हेसंट ही अशीच एक वस्ती. मूळच्या व्हर्जिनियाच्या हॅटी कार्थन तेथे राहत. १९६४ साली, साठी उलटल्यावर, आपल्या रस्त्याची रया गेलेली पाहून त्यांनी शेजारीपाजारी जमविले, पैसे उभे केले आणि झाडे लावण्यास आरंभ केला. त्यांच्या खटपटीने वस्तीत १५००हून अधिक झाडे लागली. लफायेट रस्त्यावर मॅग्नोलियाचे एक जुने झाड होते. १८८५च्या सुमारास ते नॉर्थ कॅरोलायनातून आणलेले. उबदार हवेतले हे झाड ब्रुकलिनच्या थंडीत टिकले, त्याला पाठीमागच्या घरांचा आडोसा होता. ती घरे पाडण्याचे घाटू लागले तेव्हा बाई हटून बसल्या. १९७० मध्ये शहराने झाडाला स्मारकाचा दर्जा दिला, घरेही वाचली. इमारतीसाठी झाड तोडल्याची उदाहरणे आपल्याला हवी तेवढी ठाऊक आहेत. झाडासाठी इमारती राखल्याचे आम्हांस हे एकच ठाऊक आहे.

ब्राँक्समध्ये कॅरेन वॉशिंग्टन यांनी १९८८ साली शेजाऱ्यांसह घरासमोरच्या उकिरड्याची बाग केली. व्यवसायाने त्या रुग्णांना व्यायामोपचार देणाऱ्या; शेतीचा अनुभव नव्हता. पुढे आसपासच्या बागांचा त्यांनी संघ उभारला आणि ताज्या भाजीचा बाजारही सुरू केला. अशा वस्त्यांना ‘अन्नाचे वाळवंट’ म्हणण्याचा प्रघात त्यांना मान्य नाही. वाळवंट हे निसर्गाचे काम. येथे माणसांनी केलेला वर्णभेद आहे, म्हणून त्या ‘अन्नातील वर्णभेद’ असा शब्द वापरतात. दप्तरातील शब्दाला हे योग्य उत्तर आहे, असे आम्ही समजतो.

या शहरी बागांत भेंडी असते, चवळी असते. कॅरिबियन बेटांतून आलेल्या बायका ‘कालालू’ म्हणून लावतात तो आपला माठच. भेंडी आणि चवळी आफ्रिकेतून अमेरिकेत गेल्या त्या गुलामांच्या व्यापाराबरोबर. एवढ्या ताटातुटीत बी मात्र हरवले नाही.

१९७८ पासून शहर अशा बागांना वर्षाला एक डॉलर भाड्याने जमीन देई. परंतु मालकी शहराचीच. बदलीच्या नोकरीत सरकारी घराच्या अंगणी कढीलिंब लावून पुढच्या गावी जाणाऱ्या आपल्यासारख्यांना यातील मेख चटकन उमजावी. १९९९ मध्ये महापौर जुलियानी यांनी ११४ बागा लिलावास काढल्या. शहरात घरांची निकड होती हे खोटे नव्हे. पण पंधरा-वीस वर्षांच्या मशागतीची किंमत लिलावात कोणी धरली नव्हती. बागवानांनी मोर्चे काढले, खटले भरले. अखेर दोन संस्थांनी, त्यांपैकी एक गायिका-अभिनेत्री बेट मिडलर यांची, सुमारे ४२ लाख डॉलर मोजून त्या सर्व बागा विकत घेतल्या. इतर बागांचा प्रश्न २००२ मधील तडजोडीपर्यंत लोंबकळत राहिला. तीत शेकडो बागांना संरक्षण मिळाले; काहींच्या जागा घरबांधणीसाठी मोकळ्या करण्यात आल्या.