किल्ल्यातील सहवासाचे ऋण

अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्यात १९४४ साली, कैदेत असताना, नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. प्रस्तावनेत त्यांनी ज्या चार सहबंद्यांचे ऋण मानले, त्यांत गोविंद वल्लभ पंत होते आणि आचार्य नरेंद्र देवही.

१९४८ मध्ये समाजवादी काँग्रेसबाहेर पडले. पंत मुख्यमंत्री असलेल्या संयुक्त प्रांतातच, फैजाबादच्या पोटनिवडणुकीत, काँग्रेसने आचार्यांचा पराभव केला. त्यांची नास्तिकता हा प्रचाराचा विषय झाला. फेब्रुवारी १९५६ मध्ये आचार्य निवर्तले. पंतप्रधान नेहरूंनी संसदेत त्यांच्या दुर्मिळ बुद्धीचा व सचोटीचा गौरव केला.

विरोधकाला वाहिलेली श्रद्धांजली आपण बहुधा शिष्टाचार म्हणून वाचतो. हिच्यामागे किल्ल्यातील सहवास होता, म्हणून ती आपल्याला खरी वाटते. पण तोच सहवास फैजाबादेत आचार्यांच्या कामी आला नाही, हेही आपण तिच्यासोबत वाचले पाहिजे.