बिदरीचं काळं

आमच्या आजोळी, उदगीरला, एक बिदरी पानदान होतं, काळ्या धातूत चांदीची वेलबुट्टी जडवलेलं. वर्षभर कुणी हात लावला नाही की चांदीही काळवंडायची आणि वेलबुट्टी दिसेनाशी व्हायची. आजी ओल्या फडक्यावर चिमूटभर रांगोळी घेऊन ते हलकेच पुसायची. चांदी उजळायची, काळं मात्र जागचं हलायचं नाही. बिदरीची खरी करामत त्या काळ्यात आहे. चांदी काय, कुठल्याही सराफाकडे मिळते.

भांडं मुळात जस्ताचं. साधारण सोळा भाग जस्त, एक भाग तांबं, वाळूच्या साच्यात ओतलेलं. कानशीने गुळगुळीत केलं की त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात. तेवढ्यापुरतं ते काळं पडतं आणि कलमेने कोरलेली रेघ पाटीवरच्या पेन्सिलीसारखी पांढरी उठते. त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची, पुन्हा घासायचं. आता मोरचुदाचा रंग गेलेला. जस्तही पांढरट, चांदीही पांढरी, नक्षी जवळजवळ गायब. मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून तापलेल्या भांड्याला चोळतात. जस्त काळंकुट्ट होतं, चांदीला काही होत नाही. वर तेलाचा हात.

माती कुठलीही चालत नाही. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली, क्षार मुरलेली हवी. जुने कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून ती पारखतात.

बहमनी काळात अब्दुल्ला बिन कैसर नावाच्या इराणी कारागिराने ही कला आणली, असं सांगतात. तार जडवायची रीत तिकडून आली असेलही. पण राजस्थानात जावरला शतकांपासून जस्त गाळत होते. जस्तावर काळं चढवायची युक्ती मला इथलीच वाटते.

भरभराट झाली ती तंबाखूमुळे. पोर्तुगीजांमागून तंबाखू दख्खनेत आली, दरबारी हुक्के गुडगुडू लागले, आणि सहजी न कलंडणारं जड बूड हवं झालं. पुढे लखनौ, पूर्णिया, मुर्शिदाबादलाही हे काम होऊ लागलं. तिथेही त्याला बिदरीच म्हणत.

हुक्के गेले. 2006 साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 मध्ये बिदरच्या शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री. बिदरी कारागिरांच्या हातांतून आता कफलिंकं आणि पेनड्राइव्हची कवचंही निघतात. आजीच्या पानदानात मामी बटणं ठेवते.