माल्टा बेटावरील तटरेषा

भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाला पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत छेदणारा चुनखडीचा एक कडा आहे. भूस्तरांच्या प्राचीन भंगातून उभ्या राहिलेल्या या कड्यावरून उत्तरेकडे दृष्टी टाकली असता खालची शेते, त्यांचे दगडी बांध आणि पलीकडचे उपसागर एकदमच दिसू लागतात, आणि इंग्रज लष्करी अंमलदारांनी तटबंदीसाठी हीच जागा का पसंत केली, हे समजण्यास नकाशा लागत नाही.

1869 साली सुएझचा कालवा खुला झाला आणि हिंदुस्थानच्या वाटेवरील या बेटाचे बंदर ब्रिटिश आरमाराला अधिकच मोलाचे वाटू लागले. समुद्राच्या बाजूने बंदराची तटबंदी भक्कम होती. धास्ती होती ती शत्रू उत्तरेकडील मोकळ्या उपसागरांत फौज उतरवून खुष्कीच्या मार्गाने पाठीमागून येईल याची. म्हणून बिन्जेम्मा, मोस्ता आणि मदलीना येथे कोट बांधण्यात आले, पुढे त्यांना जोडणारी सुमारे 12 किलोमीटर लांबीची भिंत कड्याच्या काठाने उभी राहिली, आणि 1897 मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी वर्षी, या तटरेषेला व्हिक्टोरियाचे नाव मिळाले. कोटांचे काम चालू असतानाच, 1878 मध्ये, रशियाशी युद्ध जुंपण्याचा रंग दिसू लागताच हिंदी फौज मुंबईहून जहाजांनी या बेटावर आणली गेली होती आणि तीत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. मराठी वाचकाने हे विसरू नये.

पायी जाणाऱ्याने बिन्जेम्माच्या खिंडीपासून आरंभ करावा. तेथील कातळात कोरलेली थडगी या भिंतीहून कितीतरी शतके जुनी आहेत. पुढे भिंत कोठे शाबूत, कोठे ढासळलेली आढळते. पण तिच्या आखणीतील कठोर निर्णय पावलोपावली जाणवत राहतो. बंदर राखण्यासाठी बेटाचा उत्तर भाग, तेथील शेतकऱ्यांसह, प्रसंग पडल्यास शत्रूच्या हाती जाऊ देण्याची ही सिद्धता होती, आणि मला ती लष्करी हिशेबाने समजते तरी मनाला पटत नाही.

1900 सालच्या युद्धसरावात इतक्या लांब रेषेच्या उपयुक्ततेविषयी शंका उत्पन्न झाल्या आणि 1907 मध्ये ती सोडून देण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात माल्टावर आकाशातून बाँबचा वर्षाव झाला. उत्तरेच्या उपसागरांत मात्र शत्रूची फौज उतरली नाही.