वस्ती कोठें करावी? : जालना शहराचा दाखला

बदलीचा हुकूम हातीं पडला, अगर नव्या गांवीं व्यवसाय थाटण्याचें ठरलें, कीं कुटुंबापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो घराचा. आणि त्याहून अवघड प्रश्न असतो तो वस्तीचा. घर नापसंत ठरलें तर दुरुस्त करतां येतें; शेजार मात्र जसा असेल तसा पत्करावा लागतो. पाणी बारमाही आहे काय, रस्ता सोयीचा आहे काय, मुलांची शाळा किती दूर आहे, आणि अडीअडचणीस धांवून येणारीं माणसें आसपास आहेत काय, या चार प्रश्नांचा विचार प्रत्येक गृहस्थ आपापल्या परीनें करीत असतो. हे प्रश्न आजच्या वाढत्या शहरांनींच निर्माण केले, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ते फार जुने आहेत. मराठवाड्यांतील जालना या एकाच शहराच्या इतिहासांत त्यांचीं निरनिराळीं उत्तरें पाहावयास सांपडतात. आणि त्यांपैकीं कोणतें टिकलें व कोणतें टिकलें नाहीं, हेंही तेथें स्पष्ट दिसतें.

जालना हें कुंडलिका नदीच्या दोन तीरांवर वसलेलें शहर. ‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण त्या मुलखांत सर्वतोमुखीं आहे. रामायणकाळीं या ठिकाणाचें नांव जनकपूर होतें आणि पुढें एका धनवान विणकराच्या इच्छेवरून तें जालना झालें, अशी दंतकथा आहे. अकबराच्या दरबारांतील विद्वान ग्रंथकार अबुल फजल याचा कांहीं काळ येथें मुक्काम होता. परंतु या जुन्या वस्तीला खरें स्थैर्य दिलें तें सोळाव्या शतकांतील जमशेदखानानें. त्यानें मशीद, हमामखाना व प्रवाशांसाठीं दगडी सराई बांधली. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गांवाच्या पश्चिमेस मोती तलाव बांधून जमिनीखालील नळांनीं त्याचें पाणी गांवांतील हौदांत आणलें. त्यांतील प्रमुख हौद सराईच्या चौकांतच होता. उन्हाळ्यांत आटणाऱ्या नदीच्या कांठीं राहणाऱ्या लोकांना या पाण्याचें मोल काय वाटलें असेल, हें मराठवाड्यांतील माणसास सांगावयास नको. जुन्या जालन्याचें उत्तर असें होतें : जेथें पाणी आणि वाट, तेथें वस्ती.

दुसरें उत्तर समोरच्या तीरावर मिळालें. पहिल्या निजामुल्मुल्कास औरंगाबादेपेक्षां जालन्याची हवा अधिक मानवत असे, असें सांगतात. त्याच्या आज्ञेवरून काबिलखानानें १७२५ सालीं येथें किल्ला बांधला. मस्तगड या नांवानें त्याची स्मृति राहिली आहे. नदीपलीकडील कादराबाद ही व्यापाऱ्यांची पेठ तटबंदीच्या आश्रयानें वाढली. अठरावें शतक हें दक्षिणेंत स्वाऱ्या-शिकाऱ्यांचें शतक होतें. ज्याच्या घरांत कापसाचे गठ्ठे आणि धान्याचीं पोतीं, त्यानें वेशीच्या आंत घर घेणें हेंच शहाणपणाचें होतें. ती भीति निराधारही नव्हती. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धांत २ सप्टेंबर रोजीं कर्नल स्टीव्हन्सन यानें जालन्याचा किल्ला घेतला, आणि २३ सप्टेंबर रोजीं असईची प्रसिद्ध लढाई झाली. तें असई गांव आजच्या जालना जिल्ह्यांतच आहे. पुढें तट निरुपयोगी झाला, तरी पेठ मोडली नाहीं. १९०१ च्या शिरगणतींत जालना व कादराबाद हीं दोन निराळीं गांवें म्हणून मोजलीं गेलीं; एकाची वस्ती सुमारें २० हजार, तर दुसऱ्याची सुमारें ११ हजार होती. आज जुना जालना आणि नवा जालना हीं नांवें रूढ आहेत, त्यांच्या मुळाशीं हाच दोन तीरांचा भेद आहे.

तिसरी वस्ती छावणीची. १८२७ सालीं येथें हैदराबाद कंटिंजंट फौजेसाठीं छावणी बांधण्यांत आली. अशा छावण्यांची रचना सर्वत्र सारखीच असे : मोकळें मैदान, सरळ रस्ते, अंतराअंतरावर बंगले, आणि शिपायांच्या गरजा भागविणारा सदर बाजार. हवा आणि ऐसपैस जागा एवढ्याच दृष्टीनें पाहिलें, तर शहरांतील कोणत्याही गल्लीपेक्षां ही वस्ती सरस म्हणावी लागेल. परंतु तिचें अस्तित्व केवळ फौजेच्या पगारावर अवलंबून होतें. १९०२ च्या वऱ्हाड करारानंतर कंटिंजंट फौजेची पुनर्रचना झाली आणि १९०३ सालीं जालन्याची छावणी उठली. राहिलें तें सदर बाजाराचें नांव. साहेबांचे बंगले रिकामे झाले, पण ज्या बाजारांत सर्व गांवाचा व्यवहार मिसळला होता तो बाजार जिवंत राहिला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु पाणी, तट किंवा मोकळी हवा यांतून निवड करण्याचा अधिकार तरी सर्वांना कोठें होता? महार आणि मांग या जातींच्या लोकांस गांवकुसाबाहेरची जागा जन्मानेंच नेमून दिलेली होती. सार्वजनिक विहिरीवर त्यांना पाणी भरतां येत नसे, शाळेचा दरवाजा त्यांच्या मुलांस बंद असे. या लोकांच्या बाबतींत चौथें उत्तर शोधलें तें रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं. जन्मानें ब्राह्मण असलेल्या शेषाद्रींनीं १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला होता. स्कॉटलंडच्या फ्री चर्च मिशनतर्फे ते जालना भागांत काम करूं लागले, तेव्हां त्यांच्या उपदेशानें ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्य कुटुंबांस जुन्या गांवांत राहणें कठीण आहे असें त्यांना दिसून आलें. निजाम सरकारचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाचें नवें गांव वसविलें. तेथें देवालय होतें, तशीच शाळा होती, विहीर होती आणि शेतीच्या जोडीला हातउद्योग होते. त्यांच्या धर्ममताविषयीं कोणाचें कांहींही मत असो; ज्यांना आजवर शेजारच नाकारला गेला होता, त्यांना त्यांनीं पाणी, शाळा व शेजार हीं तिन्ही एके ठिकाणीं दिलीं, हें इतिहासास नाकारतां येणार नाहीं. शेषाद्रि १८९१ सालीं वारले. वस्तीची निवड हा कांहीं थोड्यांनाच मिळालेला अधिकार होता, हें बेथेलच्या उदाहरणानें जितकें स्पष्ट होतें तितकें दुसऱ्या कशानेंही होत नाहीं.

१९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि जालन्याच्या वस्तीस नवें वळण लागलें. सरकी काढण्याचे व रुई दाबण्याचे कारखाने निघाले, व्यापाऱ्यांचा ओढा वाढला. रस्त्याचा प्रश्न असा सुटला. शाळेचा मात्र राहिला. निजामी राज्यांत कारभाराची व शिक्षणाची भाषा उर्दू असल्यामुळें मराठी कुटुंबांना मुलांच्या शिक्षणाची विवंचना असे. औरंगाबादची सरस्वती भुवन ही संस्था १९१५ सालीं आणि अंबाजोगाईची योगेश्वरी ही १९१७ सालीं निघाली, ती याच विवंचनेंतून. सरकार जी शाळा देत नाहीं ती शेजाऱ्यांनीं मिळून काढावयाची, हा धडा त्याच सुमारास मुंबईच्या उपनगरांतही गिरविला जात होता. १८९६ च्या प्लेगनें मुंबईंतील दाटीची वस्ती किती घातक आहे हें दाखविल्यावर मध्यमवर्गीय कुटुंबें हळूहळू उत्तरेकडे सरकूं लागलीं. पार्ल्यास येऊन राहिलेल्या मंडळींनीं १९२१ सालीं पार्ले टिळक विद्यालय काढलें आणि १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ स्थापन केला. आगगाडीनें पार्ल्यास माणसें आणलीं. परंतु पार्ल्यास गांवपण दिलें तें या संस्थांनीं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा स्वतंत्र झाला, आणि २०२३ सालीं शहरास महानगरपालिका मिळाली. बी-बियाण्यांच्या धंद्यानें आणि लोखंडाच्या कारखान्यांनीं दूरदूरचीं कुटुंबें येथें आणलीं. अंबड व मंठा या रस्त्यांच्या बाजूनें नव्या वसाहती पसरल्या. २०२२ सालीं समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा भाग खुला झाला, आणि ३० डिसेंबर २०२३ रोजीं जालन्याहून मुंबईस वंदे भारत गाडी सुरू झाली. रस्त्याच्या बाबतींत आजचा जालनेकर पूर्वजांहून कितीतरी भाग्यवान आहे. तथापि २०१२-१३ च्या दुष्काळांत याच शहरावर टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. निजामी काळांतला घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला, तेव्हां नागरिकांनीं वर्गणी काढून त्यांतील गाळ उपसला. जमशेदखानानें साडेचारशें वर्षांपूर्वीं सोडविलेला पहिला प्रश्न पुन्हा दाराशीं उभा राहिला, आणि तो सोडविण्यास शेजारीच पुढें आले.

नव्या गांवीं जाणाऱ्या कुटुंबानें या इतिहासापासून कांहीं घ्यावयाचें असेल तर तें एवढेंच. एका सोयीवर उभारलेली वस्ती ती सोय असेतोंवरच टिकते, हें छावणीनें दाखविलें. रस्ते रुंदावतात, कचेऱ्या हलतात, तट पडतात. जेथें लोकांनीं एकत्र येऊन तलाव राखला, शाळा चालविली आणि नव्या माणसास, मग तो कोणत्याही जातीचा असो, आपल्या विहिरीवर येऊं दिलें, ती वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदते. म्हणून घर पाहावयास जाणाऱ्यानें खोल्या मोजाव्या, स्टेशनचें अंतर मोजावें. पण त्याबरोबर दोन घटका शेजाऱ्यांच्या ओटीवरही बसावें. आणि तेथें राहावयास गेल्यावर आपणही तसाच शेजारी व्हावें. कारण पुढें येणारें कुटुंब वस्तीची पारख करील, ती त्याच्याकडे पाहूनच करील.