संगणकावरील फाइलशोध आणि त्याचा वेग

संगणकावर फाइल शोधण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे एकेक फोल्डर उघडून त्यातील नावे तपासत जाणे. १९७० च्या दशकात बेल लॅबोरेटरीजमध्ये घडलेल्या युनिक्स प्रणालीतील ‘फाइंड’ ही आज्ञा असेच काम करी, आणि घरोघरी पोहोचलेल्या संगणकांवरील शोधसाधनेही दीर्घकाळ त्याच वाटेने गेली. अडचण प्रोसेसरची नव्हती. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होते. त्यामुळे वाचनशीर्ष योग्य वर्तुळावर आल्यावरही हवी ती जागा त्याच्याखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद जातात, आणि शीर्ष सरकण्याचा वेळ त्यात मिळवला की विखुरलेल्या जागा सेकंदाला जेमतेम शंभर वाचून होतात. दहा हजार फोल्डरांच्या शोधात दीड मिनिटाहून अधिक काळ या हालचालीतच खर्ची पडे.

यावरील निर्णायक उपाय जेम्स वुड्स यांनी १९८३ साली मांडला. सर्व फाइलींच्या मार्गासह नावांची यादी आधीच करून ठेवावी आणि शोध त्या यादीतच घ्यावा, ही ती कल्पना होय. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत शेजारच्या नावांचा आरंभ बराचसा सारखा असतो. म्हणून प्रत्येक नोंदीत मागील नावाशी जुळणाऱ्या अक्षरांची केवळ संख्या आणि पुढचा वेगळा भाग लिहिला, की यादी कितीतरी आटोपशीर होते. पुढे ‘लोकेट’ या नावाने रुळलेल्या या साधनाइतके थोडक्या सामग्रीत मोठे काम साधणारे उदाहरण या क्षेत्रात विरळाच. मात्र यादी ठरावीक वेळी, बहुधा रात्री, नव्याने केली जाई आणि दिवसभरात निर्माण झालेली फाइल तीत सापडत नसे.

फाइलींतील मजकुराचीही शब्दसूची करणारी लोटस मॅगेलन (१९८९), गूगल डेस्कटॉप (२००४) आणि ॲपलची स्पॉटलाइट (२००५) ही साधने उपयुक्त खरीच. पण सूची प्रथम तयार करताना प्रत्येक फाइल उघडावी लागे, आणि ते काम तासन्‌तास चाले.

यादी ताजी ठेवण्याचा प्रश्न विंडोजवर सुटला तो फाइलव्यवस्थेच्या स्वतःच्या दप्तरामुळे. १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत आलेल्या एनटीएफएस या व्यवस्थेत प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात असते. अशी नोंद सामान्यतः १ किलोबाइटची असल्याने दहा लाख फाइलींचा तक्ता सुमारे १ गिगाबाइटचा भरतो, आणि तो बहुतांशी सलग असल्याने वाचनशीर्षाची धावपळ वाचते. विंडोज २००० ने त्याला बदलांच्या रोजकीर्दीची जोड दिली, जिच्यात फाइल निर्माण होणे, तिचे नाव बदलणे वा ती पुसली जाणे हे क्रमाने नोंदले जाते. डेव्हिड कार्पेंटर यांच्या ‘एव्हरीथिंग’ या साधनाने तक्ता एकदा वाचून नावे स्मृतीत ठेवली आणि पुढे केवळ ही रोजकीर्द पाहिली, त्यामुळे अक्षर टंकताच उत्तर मिळू लागले. हा तक्ता थेट वाचताना फोल्डरांवरील परवानग्यांची तपासणी होत नाही, म्हणून अशा वाचनासाठी विंडोज प्रशासकाचा अधिकार मागते.